केंद्र, राज्य आणि न्यायालय: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, ऊस उत्पादक, सहकारी संस्थांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडून पुन्हा पुन्हा येत असतात. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राज्यघटनेत केंद्राचे आणि राज्याचे अधिकार लिहून ठेवले आहेत. मग यात न्यायालयाचा संबंध येतो कुठे?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. मूळ घटनेत त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. संरक्षण, रेल्वे, बँका केंद्राकडे. शेती, पोलीस, बाजार, सहकारी संस्था राज्याकडे. आणि फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण यांसारखे विषय दोघांकडे. कोणत्याच यादीत नसलेला विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो. वाटणी इतकी स्पष्ट असूनही भांडण होते, कारण दोन भावांचे सातबारे वेगळे झाले तरी बांध कोणाच्या बाजूने सरकला हा प्रश्न उरतोच, आणि त्याची मोजणी करणारा तिसरा लागतो.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे उदाहरण जुने असले तरी अजून सर्वांत बोलके आहे. मादक पेये हा राज्याचा विषय, पण परदेशातून होणारी आयात केंद्राचा. बंदरावर उतरलेली दारू बाळगण्यास राज्य मनाई करू शकते का, असा वाद आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात सांगितले की कायद्याचा गाभा कोणत्या विषयाचा आहे ते पाहावे. गाभा राज्याच्या विषयाचा असेल तर केंद्राच्या विषयाला ओझरता स्पर्श झाल्याने कायदा बाद होत नाही. त्या कायद्यातील काही कलमे अन्य कारणांनी रद्द झाली, पण गाभा पाहण्याची ही कसोटी आजही प्रत्येक युक्तिवादात येते.

२. केंद्राविरुद्ध राज्याला दाद मागायची असेल तर ती कोठे? आणि सामान्य माणसाला?

केंद्र आणि राज्य, किंवा दोन राज्ये, यांच्यातील कायदेशीर हक्काचा वाद अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा म्हणून दाखल होतो. तेथे पक्षकार सरकारेच असतात. एखादा शेतकरी किंवा साखर कारखाना या मार्गाने जाऊ शकत नाही. सामान्य नागरिकाला मात्र उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करून 'हा कायदा करण्याचा अधिकारच या सरकारला नव्हता' असे म्हणता येते. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांसाठी ते न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. केंद्र-राज्य संबंधांवरचे अनेक मोठे निकाल सरकारांनी एकमेकांवर भरलेल्या दाव्यांतून आलेले नाहीत. कोणा व्यापाऱ्याला दंड झाला, कोणाच्या प्रवेशाचा प्रश्न आला, आणि त्यातून निघत निघत घटनापीठापर्यंत, म्हणजे पाच किंवा अधिक न्यायाधीशांच्या पीठापर्यंत, गेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा अनुच्छेद १४१ मुळे देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, त्यामुळे अशा एका माणसाच्या खटल्याचा परिणाम सर्व राज्यांवर होतो.

३. औरंगाबाद खंडपीठ आपल्याला केंद्राने दिले की राज्याने?

सुरुवात दोघांपैकी कोणीच केली नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मुळातून वाचण्यासारखे आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वेगळे मार्ग आहेत. पोटकलम (२) नुसार कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होते, म्हणजे त्यात केंद्र येते. पोटकलम (३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने अन्य ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. कायम खंडपीठाचा निर्णय लांबत असताना मुख्य न्यायमूर्तींनी पोटकलम (३) चा आधार घेऊन २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला कामकाज सुरू केले. त्याला आव्हान दिले गेले आणि उच्च न्यायालयाने तो आदेश अवैध ठरवला. राज्य शासन अपिलात गेले, व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक प्रकरणात मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. राष्ट्रपतींच्या आदेशाने कायम खंडपीठ १९८४ मध्ये झाले. कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले ते याच पोटकलम (३) खाली.

४. एकाच विषयावर केंद्राचा एक कायदा आणि राज्याचा दुसरा असेल तर कोणता पाळायचा?

विषय समवर्ती सूचीतील असेल आणि दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे अशक्य असेल, तर अनुच्छेद २५४ (१) नुसार केंद्राचा कायदा चालतो आणि राज्याचा कायदा विसंगतीपुरता निष्प्रभ होतो. विसंगती खरोखर समोरासमोरची असली पाहिजे. दोन कायद्यांचे क्षेत्र जवळ आहे एवढ्याने भागत नाही, हे एम. करुणानिधी खटल्यात (१९७९) सविस्तर आले आहे.

याला अपवाद २५४ (२) चा. राज्याने आपले विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवून त्यांची अनुमती मिळवली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो. मात्र या अपवादालाही अपवाद आहे: संसद नंतर पुन्हा कायदा करून राज्याचा तो कायदा मोडीत काढू शकते. झवेरभाई अमायदास खटल्यात (१९५४) परवान्याशिवाय ज्वारी वाहून नेल्याचा गुन्हा होता. मुंबईच्या कायद्याने वाढवलेली शिक्षा लागू करायची की नंतर दुरुस्त झालेल्या केंद्रीय कायद्याची, असा प्रश्न होता, आणि न्यायालयाने नंतरचा केंद्रीय कायदा लागू केला. राष्ट्रपतींची अनुमती म्हणजे कायमचे कवच आहे असा समज अनेक उत्तरपत्रिकांत दिसतो. तो चुकीचा आहे.

विषय समवर्ती नसून एक कायदा राज्यसूचीतला आणि दुसरा केंद्रसूचीतला असेल, तर विसंगतीच्या आधी प्रश्न १ मधील गाभ्याची कसोटी लावावी लागते. मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, यामधील दूरध्वनी संभाषण टिपण्याची कलमे उच्च न्यायालयाने केंद्राच्या क्षेत्रात अतिक्रमण म्हणून रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती याच कसोटीवर वैध ठरवली.

५. उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) केंद्र ठरवते. मग ती एकरकमी द्यायची की हप्त्यांनी, हे राज्य शासन ठरवू शकते का?

मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी दिलेले उत्तर 'नाही' असे आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखालील केंद्राचा आदेश असून ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे त्यात आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून पहिला हप्ता ठरावीक पायाभूत उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) आणि उरलेली रक्कम हंगामाचा प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यावर, अशी विभागणी केली. शेतकऱ्याच्या हिशेबी याचा अर्थ असा होता की डिसेंबरात तुटून गेलेल्या उसाचे शेवटचे बिल कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच निघणार, आणि तोपर्यंत सोसायटीच्या कर्जाचे व्याज त्याच्याच नावावर चढणार. उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. जेथे केंद्राच्या आदेशाने क्षेत्र व्यापले आहे तेथे राज्याला साध्या प्रशासकीय निर्णयाने त्याच्या उलट जाता येत नाही, एवढे यातून लक्षात ठेवावे.

उलट दिशेचा प्रश्नही येतो: राज्य केंद्रापेक्षा जास्त दर देऊ शकते का? उत्तर प्रदेशाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने एप्रिल २०२० मध्ये सांगितले की राज्याचा दर केंद्राच्या दरापेक्षा जास्त असेल तर विसंगती होत नाही. म्हणजे केंद्राचा दर हा तळ आहे, छत नव्हे. महाराष्ट्रात असा राज्य दर जाहीर होत नाही, तो धोरणाचा भाग आहे. त्यासाठी घटनेकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

६. मळीपासून होणाऱ्या औद्योगिक मद्यार्कावर नियंत्रण कोणाचे?

२३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालानंतर राज्याचे. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवले की राज्यसूचीतील 'मादक पेये' या नोंदीत पिण्यास अयोग्य असा औद्योगिक मद्यार्कही येतो. १९८९ पासून चालत आलेला सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा विरुद्ध निकाल त्यामुळे बाजूला पडला. ज्या भागात साखर कारखान्याला जोडून आसवनी (मद्यार्क तयार करणारा कारखाना) उभी राहते त्या भागासाठी हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही, कारण परवाना, शुल्क आणि तपासणी यांचे नाते या नोंदीशी आहे.

त्याच वर्षी २५ जुलैला, पुन्हा ८ विरुद्ध १ मतांनीच, खनिजावरील स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नाही आणि खाणींच्या हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे, असा निकाल आला. दोन्ही निकालांत भिन्न मत न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे होते. प्रत्येक राज्य आपापला कर लावू लागले तर देशभराचा समतोल बिघडेल, ही त्यांची चिंता बहुमत मान्य असलेल्यांनीही वाचावी. मराठवाड्यात वाळू आणि दगड हीच मुख्य खनिजे, व त्यांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खनिज कायद्याच्या कलम १५ मुळे राज्याकडे पूर्वीच होता.

७. जीएसटी परिषदेने ठरवले की राज्याला ते मानावेच लागते ना?

कायद्याच्या भाषेत नाही. मोहित मिनरल्स खटल्यात १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी मार्गदर्शक असून संसद व विधानमंडळे यांच्यावर बंधनकारक नाहीत असे म्हटले. व्यवहारात मात्र वेगळे वागणारे राज्य स्वतःच्याच व्यापाऱ्यांना अडचणीत आणेल, त्यामुळे हा अधिकार वापरण्यापेक्षा परिषदेत बोलताना जवळ असण्यातच त्याचा उपयोग आहे. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काहीच होऊ शकत नाही.

८. बाभळी बंधारा आपल्या हद्दीत, आपल्या पैशाने बांधलेला. तरी ऐन पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडे का ठेवावे लागतात?

नांदेड जिल्ह्यातून हा प्रश्न दरवर्षी जूनअखेर येतो. धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे गोदावरीवर बांधलेला हा बंधारा खालच्या बाजूच्या श्रीरामसागर, म्हणजे पूर्वीच्या पोचमपाड, जलाशयाच्या फुगवट्यात येतो. महाराष्ट्र व तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यात १९७५ मध्ये झालेला करार गोदावरी लवादाच्या निवाड्याचा भाग झाला, आणि त्यानुसार पैठणच्या धरणाखाली पोचमपाडपर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरता येते. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी. आंध्र प्रदेशचे म्हणणे असे की बंधारा आमच्या जलाशयाच्या पोटात बसतो, त्यामुळे तेथे साठवलेले पाणी हे आमचेच पाणी आहे.

आंध्रने अनुच्छेद १३१ खाली दावा लावला. न्यायालयाने २००७ मध्ये अंतरिम आदेश देऊन बांधकाम चालू ठेवण्यास परवानगी दिली, पण दरवाजे बसवण्यास मनाई केली. त्या काळात खांब उभे आणि पाणी मात्र सरळ खाली, अशी स्थिती होती. २८ फेब्रुवारी २०१३ च्या अंतिम निकालाने बंधारा वैध ठरला, मात्र अटींसह. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे वर उचललेले असावेत, म्हणजे पावसाळ्याचा नैसर्गिक प्रवाह अडणार नाही. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे, कारण तेवढा साठा दोन्ही जलाशयांच्या सामाईक भागातला आहे. आणि यावर देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली दोन्ही राज्यांच्या सदस्यांची समिती असावी. आंध्रच्या विभाजनानंतर त्या बाजूला तेलंगण आले.

शेतकऱ्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. ऑक्टोबर संपताना दरवाजे खाली येतात तेव्हा परतीचा पाऊस बहुधा होऊन गेलेला असतो, आणि बंधारा भरायला नदीत उरलेल्या पाण्यावरच भिस्त असते. परंतु हा निकाल महाराष्ट्राविरुद्ध गेला असे म्हणणे बरोबर नाही. आंध्रची मुख्य मागणी बंधारा होऊच नये अशी होती आणि ती फेटाळली गेली. तारखा बदलायच्या असतील तर दोन राज्यांची सहमती घेऊन न्यायालयापुढे जाणे हाच मार्ग आहे. जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जलसंपदा विभागाला दरवाजे आपल्या अधिकारात बंद ठेवता येणार नाहीत.

आंतरराज्य पाण्याच्या वादात अनुच्छेद २६२ आणि १९५६ चा जलविवाद कायदा न्यायालयांना दूर ठेवतो, मग हा दावा चालला कसा, असे जाणकार विचारतात. पाण्याची वाटणी करणे लवादाचे काम. पण झालेली वाटणी आणि करार पाळला जातो की नाही, हा हक्काचा प्रश्न आहे, आणि त्या वाटेने न्यायालय आत आले. कावेरी प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये आणखी एक पाऊल टाकून लवादाच्या निवाड्याविरुद्ध विशेष अनुमतीने अपीलही ऐकता येते असे ठरवले.

९. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वादही याच प्रकारचा आहे का?

नाही. तो राज्यांतर्गत वाद आहे आणि त्यात केंद्र येत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाचे कलम १२ (६) (ग), त्यावर आधारित प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश आणि तो मूलतः मान्य करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा निकाल, असा त्याचा क्रम आहे. केंद्राकडे निवेदने पाठवून या विषयात काहीही साध्य होत नाही.

१०. दुष्काळ जाहीर करणे राज्याचे काम. केंद्राने मदत कमी दिली तर न्यायालय काही करू शकते का?

मर्यादित प्रमाणात करू शकते आणि केलेही आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात, ११ मे रोजी, महाराष्ट्रासह बारा राज्यांतील दुष्काळावर सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान प्रकरणात निकाल दिला. दुष्काळ जाहीर करणे हा राज्याचा निर्णय आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु संघराज्याचे नाव पुढे करून केंद्राला हात झटकता येणार नाहीत, असेही स्पष्ट सांगितले. राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधी उभारणे आणि २००९ ची दुष्काळ नियमपुस्तिका सुधारणे, असे आदेश दिले गेले. सुधारित पुस्तिका त्याच वर्षी निघाली.

त्या पुस्तिकेचा दुसरा परिणाम मात्र कमी सांगितला जातो. पावसाची तूट, जमिनीतील ओल, पीकपेरा, उपग्रहावरून मोजलेली पिकांची स्थिती अशा ठरावीक निर्देशांकांवर दुष्काळ ठरू लागला, आणि पूर्वी पैसेवारी (गावातील पिकाच्या उत्पादनाचा सरकारी अंदाज) पन्नासच्या आत आली की जे होत असे ते तितके सरळ राहिले नाही. जबाबदारी केंद्राकडे सरकली तशी मोजपट्टीही केंद्राची झाली. न्यायालयात एका बाजूने अधिकार मागितला की दुसऱ्या बाजूने अट येते, हे मराठवाड्याने या प्रकरणात प्रत्यक्ष पाहिले आहे.

११. मराठा आरक्षणाचा कायदा राज्याने केला. तो रद्द होण्यात केंद्र-राज्य अधिकारांचा काय संबंध होता?

दोन वेगळे मुद्दे होते आणि चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिला मुद्दा पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने घातलेली ती मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती दिसत नाही, असे पाचही न्यायाधीशांनी ५ मे २०२१ रोजी ठरवले आणि २०१८ चा कायदा रद्द झाला. हा मुद्दा केंद्र-राज्य संबंधांचा नाही.

दुसरा मुद्दा मात्र पूर्णपणे त्याच संबंधांचा आहे. २०१८ मध्येच झालेल्या १०२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३४२क आला आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची यादी राष्ट्रपती अधिसूचित करतील अशी तरतूद झाली. मग राज्याने स्वतः मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार उरला का? उरतो, राज्यांचा अधिकार काढण्याचा हेतू नव्हता, अशी भूमिका केंद्र सरकारने स्वतः न्यायालयात मांडली. तरीही ३ विरुद्ध २ मतांनी न्यायालयाने शब्दांवर बोट ठेवले आणि राज्यांचा अधिकार संपला असे ठरवले. केंद्र 'आम्हाला हा अधिकार नको' म्हणत असताना न्यायालयाने तो केंद्राकडे दिला, असे उदाहरण दुर्मीळच.

त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत, ऑगस्ट २०२१ मध्ये, संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांना आपापल्या कामांसाठी स्वतंत्र यादी ठेवण्याचा अधिकार परत दिला. आज त्यामुळे दोन याद्या आहेत: राज्यातील नोकरी व प्रवेशासाठी राज्याची, आणि केंद्रातील नोकरी व केंद्रीय संस्थांसाठी केंद्राची. जातीचा दाखला मिळाला म्हणजे दोन्ही ठिकाणी लाभ मिळेलच असे नाही. केंद्रीय भरतीचा अर्ज भरण्यापूर्वी आपली जात केंद्राच्या यादीत नेमक्या कोणत्या नावाने आहे ते पाहून घ्यावे. २०२४ च्या दहा टक्के आरक्षणाच्या कायद्यापुढचा प्रश्न पहिल्या मुद्द्याचा, म्हणजे मर्यादेचा आहे. हैदराबाद गॅझेटिअरवर आधारित २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय हा कुणबी नोंदींच्या पुराव्याविषयी असून तो या उत्तराच्या कक्षेबाहेर आहे.

१२. राज्य सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावली तर न्यायालय ती उठवू शकते का?

हो. एस. आर. बोम्मई खटल्यात ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की अनुच्छेद ३५६ खालील उद्घोषणा न्यायालयात तपासता येते, बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावी, आणि संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये. त्याआधी १९७७ मध्ये हेच न्यायालय एकाच वेळी अनेक राज्यांच्या विधानसभा विसर्जित होत असताना मध्ये पडले नव्हते. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये लागली. २०१९ मध्ये ती राजवट पहाटे उठवली जाऊन सरकार स्थापन झाले, तेव्हा न्यायालयाने २६ नोव्हेंबरला चोवीस तासांत खुल्या मतदानाने बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला; त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. बोम्मई निकालाचा धाक एवढ्या थेट रूपात क्वचितच दिसला असेल.

१३. विधानसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी अडवून ठेवले तर?

८ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडू प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपाल व राष्ट्रपतींसाठी कालमर्यादा घालून दिल्या आणि रखडलेल्या दहा विधेयकांना अनुमती मिळाली असे मानले. त्यावर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली मत मागवले, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने कळवले की न्यायालयाला अशी कालमर्यादा ठरवता येत नाही आणि 'मानीव अनुमती' ही कल्पना घटनेत बसत नाही. मात्र विधेयक परत न पाठवता नुसते रोखून धरणेही राज्यपालांना शक्य नाही. आणि दीर्घकाळ, विनाकारण निष्क्रियता दिसली तर 'निर्णय घ्या' एवढाच मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते. निर्णय कोणता घ्यावा हे सांगू शकत नाही. राज्याच्या दृष्टीने दार बंद झालेले नाही. ते ठोठावण्यापूर्वी किती वाट पाहायची हे मात्र पुन्हा अनिश्चित झाले आहे.

१४. केंद्राला वाटले तर विधानसभेच्या मर्जीविरुद्ध मराठवाडा वेगळा करता येईल का?

कायद्याने येईल. अनुच्छेद ३ नुसार राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित विधानमंडळाकडे मत मागवण्यासाठी पाठवणे आवश्यक आहे, पण ते मत मानणे संसदेवर बंधनकारक नाही. हे ठरवणारा बाबूलाल पराते खटला आपल्याच इतिहासातला आहे. १९५६ च्या मूळ विधेयकात मराठवाडा व विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशी तीन घटकांची योजना होती. संसदेने ती बदलून एकच द्विभाषिक मुंबई राज्य केले. बदललेली योजना पुन्हा विधानसभेपुढे यायला हवी होती, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो त्याच कायद्याने.

मराठवाड्याच्या विकासासाठीचे वैधानिक विकास मंडळ हा वेगळा विषय आहे. अनुच्छेद ३७१ (२) मध्ये राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू 'शकतात' असे आहे, आणि मंडळाची मुदत एप्रिल २०२० अखेर संपली. 'शकतात' या शब्दापुढे न्यायालयीन आदेशाची फारशी आशा धरू नये. हा राजकीय पाठपुराव्याचा विषय आहे.

१५. सहकारी संस्थांसाठी केंद्राने घटनादुरुस्ती केली होती. ती आता लागू आहे का?

बहुराज्य संस्थांना लागू आहे, आपल्या गावच्या सोसायटीला, जिल्हा बँकेला किंवा एकाच राज्यातील सहकारी साखर कारखान्याला नाही. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने संचालकांची संख्या, मुदत, निवडणुका, लेखापरीक्षण यांचे नियम घटनेतच घातले. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय असल्याने अशा दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागत होती, आणि ती घेतलीच गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी या कारणावरून तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला.

संचालक यावर लगेच विचारतात की मग २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपल्या सहकार कायद्यात केलेले बदलही गेले का? नाही. ते बदल राज्य विधानमंडळाने स्वतःच्या अधिकारात केलेले आहेत आणि राज्य ते बदलेपर्यंत लागू राहतात. फरक इतकाच की आता ते बदलण्यास राज्य मोकळे आहे. बँकिंग हा मात्र केंद्राचा विषय असल्याने सहकारी बँकेच्या बँकिंग व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण या निकालाने कमी झालेले नाही. एकाच संस्थेवर दोन सरकारांचे नियम चालतात, आणि संचालक मंडळाने कोणता ठराव कोणत्या कायद्याखाली घेतला आहे ते इतिवृत्तात लिहिणे हिताचे असते.

१६. एकंदरीत न्यायालये केंद्राच्या बाजूने झुकतात, हे खरे ना?

काही काळापुरते खरे, काही विषयांपुरते खोटे. १९६२ मध्ये पश्चिम बंगालच्या कोळसा जमिनींच्या दाव्यात राज्यांना सार्वभौमत्व नाही, केंद्र त्यांची मालमत्ताही संपादित करू शकते, असे ठरले, न्या. सुब्बाराव यांनी त्याला विरोधी मत दिले होते. बोम्मईने संघराज्य हे घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरवले. पैशाच्या बाबतीत २०२२ व २०२४ चे निकाल (प्रश्न ६ व ७) राज्यांकडे झुकणारे आहेत. राज्याच्या सीमा आणि दर्जा यांच्या बाबतीत (प्रश्न १४) न्यायालय संसदेच्या आड सहसा येत नाही. म्हणून निकाल हाती आला की कोण जिंकले यापेक्षा आता हिशेब कोणाकडे मागायचा, हे आधी वाचावे.

१७. राज्याने परवानगी नाकारली तर सीबीआय चौकशी होऊच शकत नाही का?

दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याच्या कलम ६ नुसार राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. परंतु ही अट केंद्र सरकारला बांधते, न्यायालयाला नाही: उच्च न्यायालय वा सर्वोच्च न्यायालय संमतीशिवायही चौकशी सीबीआयकडे सोपवू शकते, असे घटनापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये ठरवले. तो अधिकार अपवादानेच वापरावा, असेही त्याच निकालात आहे, त्यामुळे केवळ स्थानिक पोलिसांवर अविश्वास आहे एवढ्या कारणावर केलेली याचिका बहुधा टिकत नाही.

१८. राज्याने किती कर्ज काढावे हे केंद्र ठरवू शकते का? यावर निकाल आला आहे का?

अनुच्छेद २९३ (३) नुसार केंद्राचे जुने कर्ज फिटलेले नसेल तर नव्या कर्जासाठी राज्याला केंद्राची संमती लागते. अर्थसंकल्पाबाहेर, राज्याच्या महामंडळांनी काढलेली कर्जेही त्या मर्यादेत मोजायची का, हा वाद केरळने अनुच्छेद १३१ खाली नेला. अंतरिम दिलासा नाकारून न्यायालयाने १ एप्रिल २०२४ रोजी हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. सिंचन महामंडळांमार्फत रोखे काढून धरणे बांधलेल्या महाराष्ट्राला त्या प्रश्नाचे उत्तर केरळइतकेच लागू पडेल.